तीन दिवसांचं पाणी

केफासी न्यालुग्वे माझा मामेभाऊ. आमच्याकडे मामेभाऊ आणि आतेबहीण म्हणजे अर्धे नवरा-बायकोच. लग्न झालं नाही तरी चेष्टेचा हक्क जन्मभर राहतो. भर बाजारात मी त्याला म्हणायचं, "काय हो धनी, घरात पीठ नाही, आणि तुम्ही इथे गप्पा मारताय?" आणि त्याने म्हणायचं, "तुला पोसून पोसूनच मी असा वाळलोय." त्याची खरी बायको शेजारी उभी राहून हसायची. या नात्यात कुणी राग मानायचा नाही आणि चेष्टेत जे बोललं त्याचा जाब कुणी विचारायचा नाही, ही आमची रीत. या रीतीच्या आडोशाला उभी राहून मी एक पाप केलं. ते सांगायचं तर आधी केफासी सांगायला हवा.

आमचं काम्पाटा गाव शिरे नदीच्या अगदी खालच्या अंगाला आहे. केफासी बावीस वर्षांचा असताना सरकारची माणसं आली आणि त्यांनी काठावरून नदीच्या तळापर्यंत पायरीपायरीने पाच लोखंडी खांब रोवले. खांबांवर पांढऱ्या पाट्या, पाट्यांवर काळ्या रेघा आणि आकडे. सगळ्यात वरची पाटी सात मीटरची. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला कुणीतरी खाली उतरून पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते पाहायचं, दोन्हींतला मोठा आकडा त्या दिवसाचा म्हणून वहीत लिहायचा आणि महिन्याचा कागद बसने जलखात्याच्या कचेरीत पाठवायचा. गावात पाचवी पास झालेला आणि दारू न पिणारा असा तरुण एकच होता. केफासीला काम मिळालं. पुढे एकेचाळीस वर्षं तो तेवढंच करत राहिला.

तेवढंच म्हणते, पण ते सोपं नव्हतं. पहाटे पाणघोडे चरून परत जात असतात, त्यांच्या वाटेत उभं राहायचं नसतं. खाली उतरण्याआधी तो लांब बांबूने पाणी बडवायचा, मगर असली तर बाजूला व्हावी म्हणून. एकदा मगरीने बांबूच धरला. केफासी बांबू सोडून वर पळाला, धापा टाकत बसला, आणि आधी काय केलं असेल तर आकडा लिहिला. पेन्सिल कानामागे असायचीच. शाई भिजते म्हणून पेन तो वापरत नसे.

वाटेत कुणी विचारलं, "काय म्हणतेय नदी?" की तो फक्त आकडा सांगायचा. "तीन मीटर बारा." त्यावर एक शब्द जास्त नाही. पण त्या आकड्यावर आमची पोटं चालायची. पाणी ओसरलं की मागे राहिलेल्या ओल्या गाळात आम्ही मका आणि रताळी लावतो. पूर आलाच नाही तर उपाशी, फार आला तरी उपाशी. लवकर लावलं आणि पाणी परत चढलं तर बी गेलं, मग दलदलीत उतरून कमळाचे कंद उकरून खायचे. म्हणून बायका त्याला थांबवून विचारायच्या. मी विचारायचे नाही. मी म्हणायचे, "आमच्या सवतीकडे निघाली स्वारी." नदी ही माझी सवत, असं मी ठरवून टाकलं होतं. गावाने ते उचललं. लहान पोरंसुद्धा नदीला 'फाइनेसची सवत' म्हणायची.

केफासीला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्याच्या वहीत एकही घर रिकामं नव्हतं. खालच्या गावच्या मापाड्याने ताप आला म्हणून आठ दिवस कोरे ठेवले, तर कचेरीतून खरमरीत पत्र आलं आणि वर्षाच्या आत त्याच्या जागी दुसरा आला. केफासीला ताप यायचा, पण तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून जायचा. एवढ्या मोठ्या नदीवर सलग, न तुटलेली अशी त्याची एकच वही होती. कचेरीवाल्यांनी त्याला प्रशस्तिपत्र दिलं. ते त्याने भिंतीला लावलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघून म्हणायचे, "लग्नाचा दाखला का हो हा? माझ्याशी झालेला दिसत नाही."

आता त्या तीन दिवसांबद्दल.

आमच्याकडे कुणी गेलं की प्रेत मातीआड होईपर्यंत गावात काम बंद. कुदळ उचलायची नाही, जाळं टाकायचं नाही, पिठाला उखळाचा आवाज नको. सगळ्यांनी मयताच्या अंगणात बसायचं. जो बसत नाही, त्याच्या घरी मृत्यू आला की खड्डा खणायला कुणी जात नाही. याहून मोठी शिक्षा आम्हाला माहीत नाही. त्या वर्षी ऐन पावसात आमच्या अम्फुमुंची, म्हणजे गावप्रमुखांची, आई गेली. पाऊस इतका की खणलेला खड्डा तासाभरात भरायचा. माती व्हायला तीन दिवस लागले. तीन दिवस सगळं गाव त्या अंगणात, ताडपत्रीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी केफासी हळूच उठला. मी बायकांच्या घोळक्यातून ओरडले, "ए धनी, सवतीला एक दिवस दम धरवत नाही का? आजीबाई इथे गार पडल्यात आणि हे निघाले भेटायला!" मयताच्या घरी हसवणं हेही आमच्या नात्याचंच काम असतं. अंगण हसलं. अम्फुमु रडता रडता हसले. केफासी बसला. दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी माती झाली, चौथ्या दिवशी पहाटे तो नदीवर गेला.

तिथे त्याने काय पाहिलं ते त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पाणी ओसरायला लागलं होतं, पण सगळ्यात वरच्या खांबाच्या डोक्यावर गवत अडकलेलं होतं. सात मीटरच्याही वर. म्हणजे मधल्या दिवसांत नदी पाट्या संपवून पुढे गेली होती. किती पुढे, ते कुणी पाहिलं नव्हतं. खालच्या शेतांकडे कुणी फिरकलं नव्हतं, आणि पावसाने झाडांवरच्या गाळाच्या खुणाही धुऊन नेल्या होत्या. केफासी त्या खांबापाशी उभा राहिला. कोरं ठेवावं तर पत्र येणार. खरं लिहावं तर 'पाहिलं नाही' असं लिहावं लागणार. त्याने ते गवत हाताने काढून पाण्यात टाकलं आणि वर येऊन लिहिलं: पाच दहा, पाच चाळीस, पाच वीस. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांना शोभतील असे, गोल आणि सालस. त्याच्या वहीत इतके गोल आकडे ओळीने दुसरीकडे कुठे नव्हते. पण हे बघणार कोण?

पुढची एकोणीस वर्षं कुणी बघितलं नाही.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मला एक मुलगी होती, एलुबे. पहिलं बाळंतपण, कळा दोन दिवस चालल्या. दवाखाना अठ्ठावीस किलोमीटरवर. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर तिला बसवून, पडू नये म्हणून चितेंजेने, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाने, सायकलवाल्याच्या पाठीशी बांधून नेलं. मी मागून दुसऱ्या सायकलवर. वाटेत एका सुकलेल्या ओढ्यापाशी सायकलवाला थांबला आणि मला म्हणाला, "अमायी, हिचं डोकं माझ्या पाठीवर जड लागतंय." बाळही गेलं. तेव्हापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, काम्पाट्यात बाळंतपणाची खोली असलेला दवाखाना. अर्ज केले, मंत्र्याच्या गाडीपुढे उभी राहिले, गावाच्या आपत्ती समितीत घुसले ते त्याचसाठी.

आणि दवाखाना मंजूर झाला. दोन गावं यादीत होती, काम्पाटा आणि टेकडीवरचं थुंडू. थुंडू आमच्यापासून चौदा किलोमीटर, तेही चढाचे. सरकारने नवा नियम केला होता की नदीकाठी आधी लाल रेषा आखायची आणि तिच्या खाली सरकारी पैशाने एक वीटही लावायची नाही. रेषा आखायला उत्तरेकडचा एक तरुण इंजिनिअर आला. नाव वानांग्वा. त्याने केफासीची सगळी वही संगणकात भरली होती आणि नकाशा घेऊन तो आंब्याच्या झाडाखाली बसायचा.

मी त्याला विचारलं, "बाळा, पाण्याचं काय सांगता येतं? ते काय वही वाचून येतं?"

तो म्हणाला, "अमायी, नदी काय करणार ते कुणालाच सांगता येत नाही. पण तिने काय काय केलंय ते माहीत असलं, तर असं पाणी किती वर्षांतून एकदा येईल याचा अंदाज बांधता येतो. सगळ्यात उंच पाणी ज्या दिवशी आलं, तो एक दिवस बाकीच्या हजार दिवसांपेक्षा महत्त्वाचा. शिवाय वरचे डोंगर कोळशासाठी बोडके झालेत, माती नदीत येतेय, तळ वर येतोय. तेवढाच पाऊस पडला तरी पाणी पूर्वीपेक्षा उंच येणार."

"मग आमची जागा?"

"या वहीप्रमाणे सगळ्यात उंच पाणी पाच नव्वद. थोडी भर घालून मी रेषा सहा वीसला धरलीय. तुमची आंब्याखालची जागा तिच्या वर आहे. जेमतेम, पण वर आहे."

जेमतेम का होईना, वर आहे. मी त्या संध्याकाळी शेजारणींना नाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी केफासी माझ्या दारात आला. चेष्टा नाही, काही नाही. उंबऱ्यावर बसला आणि तीन दिवसांची सगळी गोष्ट सांगितली, ते गवतही. मग म्हणाला, "उद्याच्या सभेत तो विचारणार आहे, वहीत नाही असं पाणी कुणाला आठवतं का. मी उठून सांगणार आहे. पण मी एकटा सांगितलं तर म्हणतील म्हातारा चळला. तू तिथे होतीस. तूच मला बसवलंस. तू हो म्हणशील?"

मी म्हटलं, "आणि मग रेषा कुठे जाईल?"

"वर. सातच्या वर. किती ते त्याला ठरवू दे."

"आणि दवाखाना?"

माझी एलुबे त्याच्याच मांडीवर वाढली होती. खाली बघत तो म्हणाला, "थुंडूला जाईल."

"बघू," मी म्हटलं. माझ्या या 'बघू'ची मला आजही लाज वाटते. नाही म्हटलं असतं तर त्याने निदान दुसरा साक्षीदार शोधला असता.

सभेला सगळं गाव होतं. वानांग्वाने विचारलं, "याहून उंच पाणी कुणी पाहिलंय? वाडवडिलांकडून ऐकलंय?" सगळे मूग गिळून बसले. गावाला माहीत नव्हतं असं नाही. त्या अंगणात तीन दिवस सगळेच बसले होते आणि केफासीही तिथेच बसला होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्याला वहीतले ते तीन दिवस दाखवले असते, त्याने बोट ठेवून सांगितलं असतं की हे खोटं आहे. पण दवाखाना सगळ्यांनाच हवा होता.

केफासी उठला. टोपी काढून हातात धरली. "साहेब, वहीत तीन दिवस खोटे आहेत. अम्फुमुंच्या आईच्या मातीचे. मी नदीवर गेलोच नव्हतो. आकडे मी मनाने लिहिले."

वानांग्वाचा चेहरा उतरला. एकेचाळीस वर्षांच्या वहीवर त्याचं सगळं काम उभं होतं. केफासीने माझ्याकडे पाहिलं. सभेनेही माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "साहेब, याचं काही ऐकू नका. हा माझा नवरा आहे. चाळीस वर्षं सवतीकडे जातो आणि घरी येऊन 'गेलोच नव्हतो' म्हणतो."

सभा फुटली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. अम्फुमु हसले, डोळे पुसत हसले. वानांग्वाही हसला. हसता हसता त्याने विचारलं, "पण अमायी, खरं सांगा. तुम्ही त्यांना जाताना पाहिलं?"

इथे थांबता आलं असतं. इथपर्यंत चेष्टाच होती. मी म्हणाले, "पाहिलं म्हणजे? कमरेपर्यंत भिजून आला आणि मयताघरच्या धुतलेल्या चटईवर चिखलाचे पाय घेऊन उभा राहिला. मीच शिव्या घातल्या. आता वय झालंय त्याचं, इकडचं तिकडे होतं."

"कागदावर लिहून द्याल?"

दिलं. समितीची सभासद म्हणून सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. केफासी तोवर बसला होता. त्याने टोपी डोक्यावर घातली नाही, ती गुडघ्यावरच ठेवली. वाद घालायचा तर कुणाशी घालणार? आमच्या नात्यात चेष्टेला उत्तर चेष्टेनेच द्यायचं असतं, आणि त्याच्याकडे त्या दिवशी चेष्टा नव्हती. सगळं गाव एकदा हसलं की त्या गोष्टीवर पुन्हा कुणी गंभीरपणे बोलत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच मी हसवलं.

त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोलायचा, पण हसायचा नाही. "काय हो धनी" म्हटलं की "ठीक आहे, फाइनेस" म्हणायचा आणि पुढे जायचा. बाजारात लोकांना वाटायचं, म्हातारपणाने गंभीर झाला.

दवाखाना झाला. पाच वर्षं चालला. एकशे बारा बाळंतपणं झाली, एकही बाई गेली नाही. मी तिथे मदतीला जायचे, पाणी तापवायचे, पाठ चोळायचे. प्रत्येक बाळ रडलं की माझ्या मनातला खोटेपणा थोडा धुऊन निघाला असं मला वाटायचं. स्वतःला फसवायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत. केफासी दर पावसाळ्यात येऊन नर्सबाईंना एकच सांगायचा, "लाल रेषेची वाट पाहू नका. पाच मीटर झालं की निघा." नर्सबाई चांगल्या होत्या. त्याला ग्लासभर थोब्वा, म्हणजे मक्याची आंबील, द्यायच्या, ऐकून घ्यायच्या, आणि तो गेला की माझ्याकडे बघून हसायच्या. त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं की म्हातारा चांगला आहे, पण त्याचं इकडचं तिकडे होतं.

मग ते वादळ आलं. चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी केफासी दवाखान्यात आला. आता तो साठी ओलांडून बराच पुढे गेलेला, नोकरी संपलेली, काठीशिवाय चालता येत नव्हतं, पण पाटी वाचणं सुटलं नव्हतं.

"पाच सत्तर," तो म्हणाला. "बायांना थुंडूला हलवा. आत्ता."

नर्सबाईंनी फोन लावला. कचेरीतून सांगितलं, "सहा वीसला रेषा. त्याआधी दवाखाना बंद करता येत नाही. तुमच्याकडे अजून हात-दीड हात बाकी आहे." कचेरीचं काय चुकलं? त्यांच्यापुढे माझी सही होती.

"आजोबा," नर्सबाई म्हणाल्या, "लोनियाला कळा सुरू आहेत. हिला या पावसात चौदा किलोमीटर चढवू? फक्त तुम्ही म्हणता म्हणून?"

केफासीने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभी होते, हातात कढत पाण्याचं भांडं घेऊन. मी तेव्हाही बोलू शकले असते. "याचं खरं आहे, मी खोटी आहे," एवढे सहा शब्द. नर्सबाईंनी माझं ऐकलं असतं, माझं सगळेच ऐकायचे. पण तसं म्हटलं असतं तर पाच वर्षं माझ्या तोंडावर आली असती. मी म्हटलं, "थोडा वेळ बघू."

लोनियाला दुपारी मुलगी झाली. फार रक्त गेलं. आणि दोन तासांत नदी जुन्या पात्राच्या वाटेने मागून आली, समोरून नाही. आधी अंगणात, मग ओट्यावर, मग खाटांच्या पायांना. मासे पकडणारे दोन होड्या घेऊन आले. पहिल्या होडीत मी, बाळ आणि दोन गरोदर बाया. दुसऱ्या होडीत नर्सबाई आणि लोनिया. आंब्याच्या झाडांपाशी प्रवाहाने दुसरी होडी आडवी केली. नर्सबाईंना फांदी सापडली. लोनियाच्या हातात फांदी धरायचीही ताकद उरली नव्हती. ती तिसऱ्या दिवशी बोरूच्या बेटात सापडली. एकोणीस वर्षांची होती. माझी एलुबेही तेवढीच होती.

लोनियाच्या मातीला मी बसले. काम बंद, उखळ बंद. कुणीतरी मला म्हणालं, "फाइनेस, काहीतरी बोल ना, हसव थोडं." मी उठून अंगणाच्या मागे गेले आणि माती होईपर्यंत तिथेच बसले.

पुढच्या उन्हाळ्यात वानांग्वा पुन्हा आला, नवी रेषा आखायला. वाचलेली सगळी घरं आता कुठे हलवायची हे त्या रेषेवर ठरणार होतं. आता त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. मी स्वतःहून त्याच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. अंगण, गवत, उंबरा, चटई. जनाची नाही तर मनाची तरी लाज होतीच कुठेतरी, ती इतक्या उशिरा आली. नकाशावरून नजर न उचलता तो म्हणाला, "मी पण हसलो होतो, अमायी. त्या तीन गोल आकड्यांची मला आधीच शंका यायला हवी होती. वही इतकी सुंदर होती की विचारायला नको वाटलं."

मग त्याने एक कागद लिहिला: ते तीन दिवस अज्ञात, पाणी वरच्या पाटीहून उंच. मी सही केली. "केफासींचीही लागेल," तो म्हणाला. "वही त्यांची आहे. लिहिणाऱ्याने मागे घेतल्याशिवाय मला ते आकडे काढता येत नाहीत. वादळाचं पाणी सहा साठला थांबलं; वही तशीच राहिली तर रेषा सातच्या खालीच येईल, आणि लोकांना पुन्हा खाली बसवायचं नाहीये मला."

मी कागद घेऊन केफासीच्या अंगणात गेले. तो उन्हात चटईवर बसला होता, वह्या समोर पसरून. डोळे अधू झालेत, पण बोट बरोबर ओळीवर होतं. ते तीन दिवस.

"बरी आलीस," तो म्हणाला. "किती वर्षं मी उगाच स्वतःला कोसत होतो. लोनिया गेली तेव्हापासून तर झोप नाही. पण तू सांगितलंस ना सभेत, मी गेलो होतो म्हणून. मी परत परत आठवून पाहिलं. आता मला आठवतं. पाऊस होता, मी उतरलो होतो. तू चटईवरून ओरडलीस तेही आठवतं. फक्त एक सांग. कमरेपर्यंत भिजलो होतो म्हणालीस. कमरेपर्यंत म्हणजे कुठल्या पायरीवर? पाच चाळीसच्या जवळपास येतं का ते?"

मी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवलं होतं, आणि ते माझ्याच खोट्याने उतरवलं होतं. आता मला ते परत त्याच्या डोक्यावर चढवायचं होतं. नाही चढवलं तर गाव पुन्हा पाण्यात जाणार होतं.

"केफासी," मी म्हटलं, "ऐक माझं. तू गेला नव्हतास. तीन दिवस तू माझ्यासमोर ताडपत्रीखाली बसून होतास. मी खोटं बोलले होते. भर सभेत, दवाखान्यासाठी. हा कागद त्याचाच आहे. यावर सही कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. अधू डोळ्यांनी, मान तिरकी करून, चांगलं निरखून पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांनी तो माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच हसला, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय बायको आहे," तो आत बायकोला ओरडून म्हणाला. "ऐकलंस का गं, फाइनेस काय म्हणतेय? म्हणे मी गेलोच नव्हतो."

त्याची बायको दारात आली आणि तीही हसू लागली. कागद माझ्या हातात तसाच राहिला.